कुठला शनिवार

मी माणसं तोलते.
फालेओलोच्या विमानतळावर, भिंतीलगतच्या काट्यावर,
आधी माणूस, मग त्याची पिशवी,
मग दोन्हींची बेरीज वहीत.
विमान लहान, एकोणीस जणांचं;
कुणाला कुठे बसवायचं ते वजन ठरवतं.
कुणी चपला काढून उभं राहतं,
कुणी श्वास रोखून, जणू श्वासाचंही भाडं पडतं.

मग सगळे तेच विचारतात.
किती लांब? दीडशे किलोमीटर.
किती वेळ? चाळीस मिनिटं,
वारा समोरून असला तर पाच जास्त.
आणि तिथे किती वाजलेले असतील?
इथे वाजतील तेवढेच. घड्याळाला हात लावू नका.
फक्त वार बदलेल.
मंगळवारी निघालात, सोमवारी उतराल.

लोक हसतात. एका म्हातारीनं मात्र
काट्यावरून उतरता उतरता विचारलं,
मग सोमवारचं औषध मी परत घ्यायचं का गं?

दिवसाला तीसचाळीस जणांना समजावते मी,
बोटानं टेबलावर रेघ ओढून:
ही समुद्रातली रेषा, अलीकडे आपण, पलीकडे पागो पागो.

आणि सख्ख्या भावाला समजावलं नाही.

आई गेली तेव्हा ओनोसाइनं फोनवर विचारलं होतं,
"शनिवार म्हणजे कुठला, तुमचा की आमचा?"
मागे घर भरलेलं, भट्टीतले दगड तापत होते,
केळीची पानं पुरत नव्हती,
आणि मी म्हणाले, "शनिवार म्हणजे शनिवार."

तो त्याच्या शनिवारी निघाला,
आमच्या रविवारी उतरला.
आईवरची माती तोवर
एका रात्रीनं जुनी झाली होती.

मुद्दाम नाही केलं, असं मी अकरा वर्षं म्हणत आले.
मुद्दाम नाही केलं, हे खरंच.
त्यानं विचारलं होतं, हेही खरं.

आकडेमोड हातात मुरलेली, म्हणून तीही करून पाहिली:
एका उड्डाणाला एक दिवस मागे,
तर त्या फोनपर्यंत पोचायला चार हजारांवर उड्डाणं,
तीही एकाच दिशेची.
परत फिरलं की मिळालेला दिवस काढून घेतात.

आज मीच काट्यावर चढले.
लेपेकानं आकडा मोठ्यानं वाचला नाही, तिचे उपकार.
मांडीवर आईनं विणलेली चटई,
रेशमाइतकी मऊ, दीड किलो.
वाटेत खिडकीला नाक लावून रेषा शोधत होते.
नुसतं पाणी. इकडचंही निळं, तिकडचंही.

आउआला बसमधून उतरले तेव्हा
मासळीच्या कारखान्यातल्या बाया पांढऱ्या गमबुटांत घरी चालल्या होत्या.
एकीनं मला ओळखलं, आणि ओळख दाखवली नाही.

आमच्यात भाऊ बहिणीचा मान राखतो;
बहिणीनं त्याच्यापुढे वाकायचं नसतं.
पण चटई डोक्यावरून घेऊन दारात बसायचं,
समोरच्यानं ती उचलेपर्यंत उठायचं नाही,
ही रीत चुकलेल्याची. तिला नातं कळत नाही.

चटईखाली उजेड तांबूस. गुडघ्यांना खडी टोचते.
आत भांडी वाजत होती, ती थांबली.
कुणीतरी रेडिओ बंद केला.
बराच वेळ काही नाही. एक कोंबडी येऊन गेली.

मग पावलं आली. लहान होती.
कड वर झाली आणि एक मुलगी आत डोकावली,
पुढचा दात पडलेली, हनुवटी थेट आईची.
"तू कुठून आलीस?"
आपियाहून.
"म्हणजे उद्यातून?"
हो.
तिनं मागे वळून दाराकडे पाहिलं,
मग चटईखाली सरकून, माझ्या कानाशी:
"मग सांग ना, उद्या काय झालं?
बाबांनी चटई उचलली का?"

काय सांगू, बाळा.
मी निघाले तेव्हा उद्याचे नऊ वाजले होते.
त्यापुढचं मीही अजून पाहिलेलं नाही.